गोळी सोडायच्या आधी जरा ऐक

अगं छकुले, फीट येऊन वर्ष उलटलं म्हणून तू गोळी सोडायच्या विचारात आहेस, हे माझ्या कानावर आलंय. आईला अजून सांगितलं नाही. मुरुडात सोयरिकीला लोक येतील, गोळ्यांची पाकिटं बघतील, हीच धास्ती ना?

“काही जाणवतच नाही, मग गोळी करते काय?” म्हणतेस. ते मोजता येतं, बाई. 1985 मध्ये इंग्लंडातल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी एक यंत्र दाखवलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरून क्षणभर जोरदार चुंबकीय झटका द्यायचा, की आत मेंदूत बारीकशी वीज उठते. हाताचा कारभार बघणाऱ्या भागावर वेटोळं असलं तर अंगठा आपोआप उडतो. मग जोर कमी करत जायचा. दहातल्या पाच वेळा स्नायू जेमतेम दाद देतो, तो जोर म्हणजे मेंदूचा उंबरा.

उल्फ झीमन यांच्या गटानं 1996 मध्ये धडधाकट माणसांना कार्बामाझेपिन, म्हणजे तुझीच गोळी, देऊन हे मोजलं. उंबरा उंच झाला. तोच अंगठा हलवायला जास्त जोर लागला. चेतापेशीत सोडियम शिरायची वाट ही गोळी अडवते, म्हणून पेशी उगाच भराभर चेतत नाहीत. लोराझेपाम या दुसऱ्या गोळीचं वेगळं. त्यानं उंबरा तसाच राहतो, पण पेशींनी एकमेकींना आवरणं वाढतं. तेव्हा ‘फीटचीच तर आहे’ म्हणून दुसऱ्या कुणाची गोळी घेऊ नकोस.

जागरणानं नेमकं उलटं होतं. फीटच्या रुग्णांची झोप मोडली की मेंदू जास्त चेततो, हेही याच यंत्रानं दिसलं. हळदीच्या रात्री गुपचूप झोपायचं, पाहुण्यांना काय बोलायचं ते बोलू दे.

ही तपासणी शोधत लातूरला पळू नकोस, ती मुख्यतः संशोधनाची. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तेही हळूहळू. एकदम तोडलीस तर लागोपाठ फीट येऊन जिवावर बेतू शकतं.

आणि लग्नाचं म्हणशील, तर हिंदू विवाह कायद्यातली फेफऱ्याची आडकाठी 1999 मध्येच निघाली. पुण्यात यशोदा वाकणकर यांचं ‘संवेदना फाउंडेशन’ फीट येणाऱ्यांची लग्नं जुळवायलाही मदत करतं. मुलाकडच्यांना मात्र आधीच सांगायचं, लपवायचं नाही.

अजून एक, आईसमोर बोलता येत नाही म्हणून इथंच सांगते. कार्बामाझेपिननं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो. लग्नाआधीच डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय ठरव, आणि मूल हवं वाटलं तरी आधी त्यांनाच भेट. फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचं तेही विचार. लाज वाटत असेल तर मी येते सोबत.