युजनेट वाचायचंय? खर्च किती, खटपट किती

१९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात युजनेट या चर्चागटांच्या जाळ्याची कल्पना रुजली आणि त्यावरच्या चर्चा आजही चालू आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सने युजनेटचा नवा मजकूर दाखवणं थांबवलं. तेव्हापासून ब्राउझरमधला तो सोपा रस्ता बंद आहे, म्हणून स्वतःचा न्यूजरीडर, म्हणजे हे गट वाचायचा प्रोग्रॅम हवा आणि एक सर्व्हरही.

पैसे जातात, तर ते सर्व्हरसाठी. 'इटर्नल सप्टेंबर' हा सर्व्हर नोंदणी केली की फुकट मिळतो. तिथे फक्त मजकुराचे गट आहेत, आणि आपल्याला तेच हवेत. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतून सुरू झालेल्या 'इंडिव्हिज्युअल डॉट नेट'ची वर्गणी वर्षाला १० युरो, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. कार्डाने भरलेत तर बँक परकीय चलनाचं शुल्क वरून थोडं लावते ते वेगळं. दरमहा पैसे घेणाऱ्या मोठ्या सेवांच्या जाहिरातींकडे पाहूही नका. त्या अवजड फाइली उतरवणाऱ्यांसाठी आहेत, चर्चा वाचणाऱ्यांसाठी नाहीत.

न्यूजरीडरला मात्र दमडी लागत नाही. टर्मिनलवर चालणाऱ्यांत 'टिन' आणि 'एसएलआरएन' हे दोन पाहावेत. डेबियन किंवा उबुंटूवर एका आज्ञेत बसतात. टिन नवख्याला सोपा, मेनू समोरच दिसतो. ईमॅक्स या संपादकातच राहणाऱ्यांना 'ग्नूस' आहेच, पण केवळ युजनेट वाचायला ईमॅक्स शिकणं म्हणजे चहासाठी हॉटेल काढणं. माझं मत एसएलआरएनला, आणि त्याला कारण आहे ती गुण देण्याची सोय.

एखाद्या गटात दोन-तीन बडबडे लोक सगळी चर्चा खाऊन टाकतात. एसएलआरएनमध्ये लेखावर असताना मोठा 'के' दाबला की त्या लेखकाला किंवा विषयाला गुण देता येतात. उणे ९९९९ दिले की तो लेख यादीतून नाहीसा होतो. अधिक दिले की चटकन नजरेत भरतो. त्याआधी सेटिंगच्या फाइलीत गुणांच्या फाइलीचं नाव लिहून ठेवावं लागतं. एखाद्या धाग्यातली भांडणंही अशीच गाळता येतात. पहिला आठवडा हे नियम लिहिण्यात घालवा, पुढे वाचायला घेतलं की कामाचंच समोर येतं. एस्केप आणि 'टी' दाबल्यावर चर्चेचा पूर्ण धागा मिटतो किंवा उघडतो.

एसएलआरएनची सुरुवातीची मांडणी तासाभरात होते. सर्व्हरचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि संपादक म्हणून विम किंवा नॅनो, एवढंच. पहिल्यांदा 'क्रिएट' हा पर्याय देऊन चालवा, नाहीतर गटांची यादीच उतरत नाही. कूटबद्ध जोडणीसाठी ५६३ हे पोर्ट वापरा. ११९ वर पासवर्ड उघडा जातो. पासवर्ड सेटिंगच्या फाइलीत साधा लिहिलेला असतो, तेव्हा ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी परवानगी ६०० करून ठेवा. खरा ईमेल पत्ताही सहज देऊ नका, तिथून पत्ते गोळा करणारे पूर्वीपासून आहेत.

देवनागरीचा त्रास होतो. अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवला तरी पुष्कळ टर्मिनलांत जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या घसरतात. मराठीतच लिहायचं असेल, तर 'कॉन्सोल'सारखं टर्मिनल आधी तपासून पाहा.

आधी फुकटच्या सर्व्हरवर महिनाभर वाचा. तेवढ्यात गोडी लागली, तरच १० युरो भरायचे की नाही याचा विचार करा.