हाताची सवय : भीती सोडा, खरे जाणून घ्या

"लग्नाआधी हस्तमैथुन केले, म्हणून ताकद गेली, मूल होत नाही," असे कित्येक जण चोरून सांगतात. हे खरे नव्हे. वीर्य रक्त आटून बनत नाही. शुक्रजंतू वृषणात रोज नव्याने तयार होतात. एका वेळी २ ते ५ मि.लि., म्हणजे फार तर चहाचा चमचाभर वीर्य जाते. विहीर उपसली तरी झरा भरतोच, तसेच हे. याने नपुंसकत्व, वांझपण किंवा वेड येत नाही. बाईलाही अपाय नाही.

बाजारातल्या ताकदीच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. वर्षभर पाळणा लांबवण्याचे साधन न वापरता एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर नवरा-बायको दोघांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. एकट्या बायकोला दोष देऊ नका.