मुद्रकाचा कैवारी

४ ऑगस्ट १७३५ चा तो दिवस. न्यूयॉर्कच्या न्यायालयात पाय ठेवावयास जागा नव्हती. आरोपी होता जॉन पीटर झेंगर नावाचा एक गरीब मुद्रक. गव्हर्नरवर टीका करणारे साप्ताहिक त्याने आपल्या छापखान्यात छापले, हाच त्याचा अपराध!

त्या काळी अमेरिका स्वतंत्र नव्हती. तेथील वसाहतींवर इंग्लंडच्या राजाची सत्ता चाले. १७३२ साली विल्यम कॉस्बी हा न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. आपल्या विरुद्ध मत देणाऱ्या सरन्यायाधीशाला त्याने पदावरून दूर केले आणि त्या जागी आपल्या मर्जीतील जेम्स डिलान्सी याला बसविले. तेव्हा कॉस्बीच्या विरोधकांनी 'न्यूयॉर्क वीकली जर्नल' हे साप्ताहिक सुरू केले. लेख लिहिणारे दुसरेच होते. पण लेखांवर त्यांची खरी नावे नसत. म्हणून शासनाचा हात पडला तो मुद्रकावर.

१७३४ च्या नोव्हेंबरात झेंगरला तुरुंगात टाकण्यात आले. जामिनाची रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची होती. तरी साप्ताहिक बंद पडले नाही. तुरुंगाच्या दारातील भोकातून तो सूचना देई आणि त्याची पत्नी ॲना छापखाना चालवी. पुढे त्याच्या दोन वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीलाच हरकत घेतली, तेव्हा डिलान्सीने त्यांच्या सनदा काढून घेतल्या. आता झेंगरचा कैवार कोण घेणार?

झेंगरच्या मित्रांनी सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या फिलाडेल्फियाला निरोप धाडला. तेथे अँड्र्यू हॅमिल्टन हे नामांकित वकील राहत होते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हॅमिल्टन तरुणपणीच अमेरिकेत आले होते. पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या विधिमंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. वय साठीच्या घरात आलेले, संधिवाताने शरीर जर्जर झालेले. तरीही ते न्यूयॉर्कला आले.

खटला अवघड होता. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे शासनाची निंदा छापणे हा गुन्हा होता, मग ती निंदा खरी असो वा खोटी. उलट, खऱ्या निंदेने लोक अधिकच प्रक्षुब्ध होतात, असे कायदेपंडित मानीत. मजकूर कोणी छापला, एवढेच बारा नागरिकांच्या ज्यूरीने ठरवावे आणि तो गुन्हा होतो की नाही, हे न्यायाधीशाने सांगावे, अशी रीत होती.

हॅमिल्टन उभे राहिले आणि सुरुवातीलाच त्यांनी सर्वांना चकित केले. हा मजकूर आपल्या अशिलानेच छापला आहे, असे त्यांनी सरळ कबूल केले! मात्र लगेच त्यांनी विचारले, की छापलेले जर खरे असेल, तर सत्य सांगणे हा अपराध कसा? मजकूर खरा असल्याचे सिद्ध करण्यास ते तयार होते. परंतु डिलान्सीने तशी परवानगी दिली नाही. तेव्हा हॅमिल्टन ज्यूरीकडे वळले. ते म्हणाले, की हा प्रश्न एकट्या मुद्रकाचा नाही. सत्तेच्या अन्यायाविरुद्ध बोलण्याच्या प्रत्येक माणसाच्या हक्काचा आहे.

केवळ छापल्याचाच विचार करा, असे न्यायाधीशाने ज्यूरीला बजावले. ज्यूरी बाहेर गेली आणि थोड्याच वेळात परतली. निकाल होता, 'निर्दोष'! जयघोषाने न्यायालय दुमदुमून गेले. साडेआठ महिन्यांच्या बंदिवासानंतर दुसऱ्या दिवशी झेंगर घरी गेला.

हॅमिल्टन यांनी या कामाबद्दल एक पैसाही घेतला नाही. न्यूयॉर्क नगराने त्यांना मानाचे नागरिकत्व सोन्याच्या डबीतून अर्पण केले. १७४१ साली ते निवर्तले.

त्या निकालाने कायदा लगेच बदलला नाही. परंतु बारा सामान्य नागरिकांनी दाखविलेले धैर्य लोक विसरले नाहीत. १७९१ साली मुद्रणस्वातंत्र्याला अमेरिकेच्या संविधानात स्थान मिळाले आणि १८०५ साली न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने सत्य हा बचाव मान्य केला. फिलाडेल्फियात विधिमंडळाची जी इमारत हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली उभी राहिली, तिच्यातच ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. तो दिवस पाहण्यास ते नव्हते. पण निर्भयपणे सत्य बोलण्याचा धडा त्यांनी आपल्या देशबांधवांना एका मुद्रकाच्या खटल्यात आधीच घालून दिला होता.