ब्रेक लावताना मोटार का थरथरते?

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या वाहनास ब्रेकचा आधार पदोपदी घ्यावा लागतो. अशा उतारावर ब्रेक दाबताच स्टिअरिंगचे चाक हातात थरथरू लागले, म्हणजे आत बसलेल्यांच्या मनात धास्ती उत्पन्न होते. कोणी टायरला दोष देतो, कोणी रस्त्याला, आणि गॅरेजात बहुधा एकच उत्तर मिळते की, ‘डिस्क वाकली.’ नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्याप्रमाणे हे निदान घाईचे असते. या थरथरीचे मूळ कोठे असते व ते कसे शोधावे, याचा विचार आपण प्रस्तुत लेखात करू.

प्रथम ब्रेकचे कार्य पाहू. १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा २,००,००० ज्यूल भरते. वेग निम्मा केला तर हीच ऊर्जा चौथाई, म्हणजे ५०,००० ज्यूल उरते. थांबताना ही ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढील चाकांना बिडाची डिस्क असते. ती चाकाबरोबर फिरते व तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळून धरतात. पायाचा दाब ब्रेकच्या तेलातून पॅडपर्यंत पोहोचतो. आपण वर्गात शिकलेला पास्कलचा नियम येथे प्रत्यक्ष काम करीत असतो.

आता समजा, ही डिस्क सर्वत्र सारख्या जाडीची नाही. जाड भाग पॅडमध्ये आला की पॅड बाहेर रेटले जातात व आवळ वाढते. पातळ भाग आला की ती सैल पडते. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरला, तर वरील वेगाने चाकाचे सेकंदास सुमारे अकरा फेरे होतात, आणि तितक्याच वेळा हा चढउतार घडतो. तीच ती थरथर होय. जाडीत अवघा ०.०२ मिलिमीटर फरक असला, तरी तो हातास जाणवू शकतो. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी आहे!

डिस्कची जाडी अशी विषम का होते? याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. चाक बसविताना हबवर गंज किंवा माती राहिली, अथवा नट कमीअधिक आवळले गेले, तर डिस्क किंचित तिरकी बसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. परंतु ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राहतो. हजारो किलोमीटरनंतर तो भाग झिजून पातळ होतो आणि मग थरथर सुरू होते. बीजारोपण एका दिवशी व फळ कित्येक महिन्यांनी, असा हा प्रकार आहे. याखेरीज तापलेल्या डिस्कवर पॅडचे द्रव्य एकाच जागी चिकटणे, पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढणे, किंवा कॅलिपरच्या पिना अडकून पॅड सुटा न होणे, ही कारणेही आढळतात. ड्रम ब्रेकमध्ये ड्रमची गोलाई बिघडली असता तोच परिणाम होतो.

निदानासाठी निरीक्षण हवे. ब्रेक न लावताही विशिष्ट वेगाने गाडी थरथरत असेल, तर चाकांचा तोल किंवा टायर आधी तपासावेत. ब्रेक लावतानाच स्टिअरिंग थरथरले, तर संशय पुढील चाकांवर जातो. आसन व गाडीचा तळ थरथरला, तर मागील चाकांवर. घाट उतरल्यावरच दोष दिसत असेल, तर उष्णतेचा संबंध असतो. मात्र निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावताच पायाखाली जी जलद धडधड जाणवते, ती एबीएस यंत्रणेची असू शकते. तो दोष नव्हे. अशा वेळी पाय उचलू नये.

यानंतर मोजमाप करावे. डिस्कचा तिरकेपणा डायल गेजने व जाडी मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी पाहावी. सस्पेन्शनचे बुश व चाकाचे बेअरिंग झिजले असल्यास लहान थरथरही मोठी होते, म्हणून तेही तपासावेत. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीहून पुरेशी जाडी उरत असेल, तर ती लेथवर सारखी करता येते. नसेल तर बदलावी. हे काम एकाच अक्षाच्या दोन्ही चाकांवर करावे, नाहीतर गाडी एका बाजूस ओढण्याचा संभव असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बसविण्यापूर्वी हब घासून स्वच्छ करावा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावे. हे न केल्यास नवी डिस्कही कालांतराने जुन्याच वाटेने जाते व खर्च व्यर्थ होतो.

ही कामे जाणत्या कारागिरानेच करावयाची आहेत. विद्यार्थ्यांनी केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. आपण आपल्या घरच्यांना दोन गोष्टी मात्र अवश्य सांगाव्यात: घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनही वेग आवरते व ब्रेक कमी तापतात, आणि थरथर दिसू लागताच तपासणी लांबणीवर टाकू नये.

यंत्र कधी उगाच तक्रार करीत नाही. त्याची तक्रार ऐकावी, मोजावी, आणि मगच हातात पाना घ्यावा. प्रयोगशाळेत आपण जी शिस्त शिकतो, तीच येथे माणसांचे प्राण राखते.