पाय दुखतो म्हणून मोठा बूट घेऊ नका

स्कीइंग हौसेनं सुरू करून दोन हंगामांत सोडून दिलेली बरीच मराठी मंडळी मला इकडे म्युनिकमध्ये भेटतात. कारण विचारलं की थंडी, खर्च, मुलांच्या शाळा असं करत करत बोलणं शेवटी पायांवर येतं. "अगं, ते बूटच सहन होत नाहीत." हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्या दुखण्याला बहुतेक वेळा उपाय असतो आणि तो त्यांना कुणी सांगितलेला नसतो. मलाही कुणी सांगितला नव्हता.

माझी पावलं अवघड आहेत. चवडा रुंद, टाच अरुंद, पावलाचा वरचा भाग उंच. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, अगदी माझ्या आईसारखं. डावा घोटा कॉलेजात असताना ट्रेकमध्ये दुखावला, तो अजून पुरता वाकत नाही. साताऱ्यात सगळं लहानपण चपलेत गेलं, त्यामुळे या गोष्टी कधी जाणवल्याच नाहीत. चप्पल पायाला सांभाळून घेते. स्कीचा बूट घेत नाही.

माझा पहिला जोड मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात, सेल चालू असताना घेतला. विक्रेत्यानं रोजच्या बुटाचा नंबर विचारला, रुंद पाय बघून वर एक माप वाढवलं आणि आतून मऊ, उबदार असा बूट पायात चढवला. दुकानातल्या गालिच्यावर तो छान वाटला. ब्राउनेकच्या उतारावर तासाभरात पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या यायला लागल्या, मग तळव्यात पेटके आले, मग बोटं गार पडून बधिर झाली. टाच प्रत्येक वळणावर आत उचलली जात होती. संध्याकाळी मोजे काढले तर अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं. बूट घेऊन परत त्याच दुकानात गेले, तर सल्ला मिळाला की याहून एक माप मोठा घ्या.

हा सल्ला अनेकांना मिळतो, आणि तो उलटा आहे. बूट मोठा असला की पाऊल आत पुढे घसरतं आणि बोटं पुढच्या भिंतीवर आपटतात. नख तिथं काळं पडतं. पाऊल घसरू नये म्हणून आपण बकलं आवळतो. सर्वांत जास्त आवळलं जातं ते पावलाच्या वरच्या उंचवट्यावरचं बकल, आणि नेमकं त्याच्याच खालून बोटांकडे जाणारी रक्तवाहिनी आणि नसा जातात. त्या दाबल्या गेल्या की आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग गारठा. म्हणजे आपल्याला वाटतं बूट घट्ट आहे, खरं तर तो सैल असतो आणि घट्ट आपण केलेला असतो. तळव्यातले पेटकेही तिथूनच येतात. आधार नसलेलं पाऊल सगळा दिवस बोटांनी बूट पकडून ठेवायचा प्रयत्न करत राहतं.

मग टिरोलमधल्या एका बूट-फिटरकडे गेले. त्या माणसानं बराच वेळ एकही बूट बाहेर काढला नाही. मला अनवाणी उभं केलं, चालवलं, बसलेली असताना आणि उभी असताना पावलाची लांबी वेगवेगळी मोजली, पोटरी कुठून सुरू होते ते पाहिलं. मग म्हणाला, उकिडवं बसा, टाचा जमिनीवर ठेवून. उजवी टाच टेकली, डावी उचलली गेली. माझ्या त्रासाचा निम्मा उलगडा त्या एका बैठकीत झाला.

हे आपल्याला घरी करून बघता येतं, आणि आपल्याकडच्या माणसांना तर ते सोपं जातं. स्कीच्या बुटात नडगी सतत पुढे झुकलेली असते. ज्याचा घोटा तेवढा वाकत नाही, त्याची टाच बुटात उचलली जाणारच. तिथं बूट आवळून उपयोग नसतो. टाचेखाली काही मिलिमीटरची पाचर द्यावी लागते, म्हणजे घोट्याला तितकं वाकावं लागत नाही आणि टाच जागेवर बसते. माझ्या डाव्या बुटात ती पाचर आहे, उजव्यात नाही. दोन पावलं सारखी नसतात, तर दोन बूट आतून सारखे का असावेत?

आता मापाचं. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. माझं पाऊल 24 सेंटिमीटर, आणि मला विकलेला बूट होता 26. बाहेरचं कडक प्लास्टिक म्हणजे शेल, आतला काढता येणारा मऊ भाग म्हणजे लायनर. बहुतेक कंपन्या शेल पूर्ण मापातच बनवतात, म्हणजे 24 आणि 24.5 चं शेल एकच असतं, फरक आतल्या सोलमध्ये किंवा लायनरमध्ये. म्हणून अर्ध्या नंबरावर दुकानात वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा शेलची. लायनर बाहेर काढायला सांगा. नुसत्या शेलमध्ये पातळ मोजा घातलेला पाय सरकवा, बोटं पुढे हलकी टेकवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन टाचेमागची जागा बघायला सांगा. साधारण 15 ते 20 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं मावतील इतकी जागा आरामात स्की करणाऱ्याला पुरे. त्याहून बरीच जास्त असेल तर तो बूट कितीही मऊ लागला तरी ठेवून द्या. माझ्या पहिल्या बुटाची ही तपासणी फिटरनं केली तेव्हा टाचेमागे तीन बोटं जाऊन वर फट उरली होती. दुकानदारानं लायनर काढायला नकार दिला तर तिथून निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुंदीचा आकडाही विचारा. चवड्याशी 98 मिलिमीटरच्या आसपास म्हणजे अरुंद, 100 मध्यम, 102 ते 104 रुंद. हा आकडा साधारण 26.5 मापाच्या बुटासाठी सांगतात, लहान मापात रुंदीही त्या प्रमाणात कमी होते. हे बायकांनी विशेष लक्षात ठेवावं. आपल्याला 100 चा म्हणून दिलेला बूट 24 मापात प्रत्यक्षात तितका रुंद नसतो. शिवाय बायकांची पोटरी बऱ्याचदा खालपासून भरलेली असते, त्यामुळे बुटाचा वरचा पट्टा तिला दाबतो. बायकांच्या मॉडेलमध्ये तो भाग थोडा खाली आणि पसरट असतो तो यासाठीच.

एवढं सगळं करावं लागतं याला एक कारण आहे. पूर्वी हे बूट चामड्याचे होते, ते हळूहळू पायाचा आकार घेत, पण ओले होत आणि ढिले पडत. 1960 च्या दशकात अमेरिकेत आयोवामधल्या डब्यूक गावच्या बॉब लँग यांनी प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि काही वर्षांत चामडं मागे पडलं. स्कीवर ताबा वाढला, पण बूट पायाला सांभाळून घेईल ही अपेक्षा संपली. आता ते काम शेलच्या आत, माणसाच्या हातानं करून घ्यावं लागतं.

त्या कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी योग्य लांबीचं शेल. मग फूटबेड, म्हणजे पावलाच्या कमानीला आधार देणारा साचेबद्ध तळ. बुटासोबत येणारा सोल म्हणजे नुसता पातळ फोम असतो, तो काढून टाकावा. कमानीला आधार मिळाला की वजन पडल्यावर पाऊल पसरून लांब आणि रुंद व्हायचं थांबतं, आणि "बूट अरुंद आहे" ही तक्रार कित्येकदा इथंच संपते. त्यानंतर लायनर. आणि तरीही एखादं हाड टोचत असेल तर सगळ्यात शेवटी शेलला हात लावायचा. हा क्रम उलटा केला तर एकदा ताणलेलं प्लास्टिक नंतर नको तिथं सैल पडतं.

लायनरबद्दल एक गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. नवा लायनर जाड आणि फुगीर असतो, काही दिवसांच्या वापरात तो दबतो. म्हणून दुकानात जो बूट मोज्यासारखा आरामशीर वाटतो, तो थोड्याच दिवसांत सैल होतो. नवीन बूट सगळीकडून सारखा घट्ट लागला पाहिजे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की ती किंचित मागे यावीत. सगळीकडून सारखा दाब असेल तर घाबरू नका. एकाच ठिकाणी कळ येत असेल तर ती मात्र आपोआप जाणार नाही.

अवघड पावलांसाठी उष्णतेनं आकार घेणारे लायनर मला सगळ्यात उपयोगी वाटले. ते तापवतात, दुखऱ्या हाडांवर फोमचे छोटे तुकडे चिकटवतात, बोटांवर टोपी घालतात आणि गरम लायनरसकट पाय शेलमध्ये घालून काही मिनिटं स्थिर उभं करतात. थंड झाल्यावर तुकडे आणि टोपी काढली की तिथं जागा तयार झालेली असते. हे पुन्हा करता येतं. दुसरा प्रकार म्हणजे बुटात उभं असतानाच लायनरमध्ये द्रव फोम सोडायचा. बारीक घोट्याच्या, टाच कशातच न धरणाऱ्या माणसाला तो वरदान ठरू शकतो. पण फोम एकदा घट्ट झाला की परतीची वाट नाही, म्हणून बाकी सगळं करून झाल्याशिवाय त्याकडे वळू नये.

माझ्या अंगठ्याच्या हाडाला लायनर पुरला नाही. तिथं फिटरनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. त्यानं लाल लिपस्टिक काढली आणि हाडाच्या नेमक्या टोकावर ठिपका लावला. पाय नुसत्या शेलमध्ये घालून दाबायला लावला, बाहेर काढला. प्लास्टिकच्या आत लाल खूण उमटली होती, आणि ती मी बोटानं दाखवली होती त्याहून बरीच पुढे होती. मग त्या जागी गरम हवा दिली, आतून धातूचा गोळा लावून प्रेसनं प्लास्टिक बाहेर ढकललं आणि ते तसंच दाबात ठेवून पूर्ण गार होऊ दिलं. बाहेरून लिंबाच्या फोडीएवढा फुगवटा दिसतो, आत हाडाला हक्काची खोली मिळते. प्लास्टिक थोडं परत आत येतं, त्यामुळे एकदोनदा फिटरकडे जावं लागतं. म्हणून असा बूट ऑनलाइन स्वस्तात मागवण्यापेक्षा जिथं परत जाता येईल अशा दुकानातून घ्या. बऱ्याच चांगल्या दुकानांत नंतरची दुरुस्ती किमतीतच धरलेली असते, तेवढं आधी विचारून घ्या.

पुण्या-मुंबईहून गुलमर्गला किंवा औलीला कोर्सला जाणाऱ्यांना एवढं सगळं करता येणार नाही, बूट तिथलेच मिळतात. त्यांनी निदान दोन जाड लोकरीचे मोजे एकावर एक घालू नयेत. घरून निघताना सगळे काकू-मामा हाच आग्रह करतात, आणि त्यानं पाय जास्त गारठतात, कारण दाब वाढतो, घाम साचतो. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा, सुरकुती न पडता. थर्मलची किनार बुटाच्या वरच राहू द्या, आत गेली तर नडगीवर वळ उठतो. नखं आधी कापा. आपलं फूटबेड असेल तर ते सोबत न्या, ते भाड्याच्या बुटातही बसतं. आणि पहिल्याच दिवशी नुसत्या शेलची ती टॉर्चवाली तपासणी करून घ्या. बूट बदलून मागायला संकोच करू नका, रांगेत मागचे लोक चुळबुळ करत असले तरी.

बूट घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, आधी वरची बकलं लावा, गुडघे काही वेळा पुढे वाकवा आणि मगच पावलावरची हलक्या हातानं लावा. रात्री बूट गाडीत सोडू नका, गार प्लास्टिक दगडासारखं कडक होतं. लायनर बाहेर काढून वाळवा, पण हीटरला टेकवून नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. पायाची संवेदना कमी असेल तर बूट चावतोय हे कळतच नाही, आणि जखम झाल्यावर ती भरायला वेळ लागतो. बूट काढल्यावरही बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला तर कुणीही तो अंगावर काढू नये.

काही हंगामांनंतर टाच पुन्हा उचलली जायला लागली तर अख्खा जोड टाकून देऊ नका. शेल बहुतेक वेळा ठीक असतं, दबलेला असतो तो लायनर. तेवढाच नवा घ्या, जुनं फूटबेड त्यात घाला आणि हाडापाशी शेलला दिलेली जागा तशीच कामाला येते.