घरच्या संगणकावरील गाणे

गळ्यातून निघालेला सूर हवेत विरून जातो. लिहिलेले पत्र पुन्हा वाचता येते, काढलेले चित्र पुन्हा पाहता येते. परंतु गायिलेले गाणे गायकाबरोबरच संपावे, अशी हजारो वर्षांची स्थिती होती. सन १८७७ मध्ये एडिसन यांनी आवाज साठवून पुन्हा ऐकविणारे यंत्र तयार केले, तेव्हा ही स्थिती प्रथम पालटली. पुढे सन १९०२ मध्ये गायस्बर्ग नावाचे एक ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आले व त्यांनी गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे.

तबकडीत गाणे असते. परंतु तबकडी स्वतः गात नाही. ती ग्रामोफोनवर ठेवावी, फिरवावी, तिच्यावर सुई टेकवावी, तेव्हा कोठे सूर उमटतात. सन १९६३ मध्ये कॅसेट आली, सन १९८२ मध्ये सीडी आली; प्रत्येकीबरोबर तिचे निराळे यंत्र आले. ज्या घरातील ग्रामोफोन मोडला, त्या घरातील तबकड्या मुक्या झाल्या. गाणे साठविणारी वस्तू वेगळी आणि ते वाजविणारी वस्तू वेगळी, हे तत्त्व तुम्ही नीट ध्यानात ठेवा. या पाठातील सर्व गोष्टी त्यातूनच निघतात.

संगणकातही हेच तत्त्व लागू पडते. तेथे तबकडीच्या जागी फाइल असते आणि ग्रामोफोनच्या जागी एक प्रोग्राम असतो. त्याला प्लेअर म्हणतात. फाइलीत गाणे असते तरी कोणत्या रूपात? ध्वनी म्हणजे हवेतील कंप. संगणक हा कंप सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक मापाचा आकडा टिपून ठेवतो. सीडीवरील संगीतासाठी असे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा केलेले असते, तेही डाव्या व उजव्या बाजूसाठी निरनिराळे. हे आकडे जसेच्या तसे ठेवले, तर एका मिनिटाच्या गाण्यास १० मेगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते.

इतकी जागा खर्चणे परवडेना, म्हणून आकडे आटोपशीर लिहिण्याच्या अनेक पद्धती निघाल्या. त्यांतील एमपी३ ही फार प्रसिद्ध आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा अगदी बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. असे न ऐकू येणारे अंश ही पद्धत गाळून टाकते. त्यामुळे एका मिनिटाचे गाणे सुमारे एका मेगाबाइटात बसू शकते. मात्र जे गाळले ते कायमचे गेले. ते पुन्हा मिळत नाही. फ्लॅक नावाची दुसरी पद्धत काहीच गाळत नाही, म्हणून तिच्या फाइली आकाराने मोठ्या असतात. पूर्वीच्या साध्या मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रण केले, की पुष्कळदा एएमआर नावाची फाइल तयार होई. ती बोलण्यापुरता आवाज अगदी थोड्या जागेत साठवी.

या पद्धती म्हणजे निरनिराळ्या लिपीच होत. महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांत मोडी लिपीतील कागद आजही बांधून ठेवलेले आढळतात. त्यांवरील शाई पुसलेली नसते आणि भाषाही मराठीच असते. तरीसुद्धा घरातील कोणालाही ते वाचता येत नाहीत. म्हणून ते कागद रद्दीत टाकावेत काय? मुळीच नाही. मोडी जाणणारा वाचक शोधावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एक शेतकरी कुटुंब आहे. काही वर्षांपूर्वी घरातील आजी जात्यावर दळता दळता ओव्या गात होती. मुलाने आपल्या साध्या फोनवर त्या मुद्रित करून घेतल्या. आज आजी हयात नाही. फोन बिघडला, पण त्यातील फाइली घरच्या संगणकावर उतरविलेल्या आहेत. नात त्यांतील एक फाइल उघडू पाहते, तो पडद्यावर सूचना येते, की ही फाइल वाजविता येत नाही. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकण्यास बोट पुढे होते.

अशा वेळी बोट आवरावे. फाइल खराब असेलही. पण संगणकावरील प्लेअरला तिची लिपी येत नसण्याचाच संभव अधिक. गाणे बहुधा जागच्या जागी आहे, उणीव आहे ती वाचकाची. तेव्हा अनेक लिपी जाणणारा प्लेअर आणून संगणकात बसवावा. यालाच इन्स्टॉल करणे म्हणतात.

असा एक प्लेअर म्हणजे व्हीएलसी. सन १९९६ मध्ये पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी या कामास प्रारंभ केला. १ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला करण्यात आला. त्यास मूल्य पडत नाही, आणि त्याची घडण कशी आहे हे कोणीही तपासू शकतो. आज व्हिडिओलॅन ही संस्था त्याची देखभाल करते. ध्वनीच्या अनेक लिपी वाचण्याची विद्या या प्रोग्रामच्या पोटातच ठेवलेली आहे; त्यामुळे एमपी३, फ्लॅक, एएमआर अशा नाना प्रकारच्या फाइली तो वाजवितो.

प्लेअर बसविणे अवघड नाही. तथापि त्यास सावधपणा हवा. कोणत्याही प्रोग्रामला संगणकात जागा देणे म्हणजे परक्याच्या हाती घराची किल्ली देणे होय. म्हणून प्रथम वडीलधाऱ्यांची अनुमती घ्यावी. नंतर प्रोग्राम ज्या संस्थेने तयार केला, तिच्याच संकेतस्थळावरून तो उतरवून घ्यावा. नावात एका अक्षराचा फेर करून फसविणारी ठिकाणे असतात, म्हणून पत्ता अक्षरशः ताडून पाहावा. आपल्या संगणकास योग्य अशी आवृत्ती निवडावी. बसविताना पडद्यावर जी पृष्ठे एकामागून एक येतात, ती न वाचता पुढे जाऊ नये. कित्येक प्रोग्राम न मागितलेले सोबतीही बरोबर आणतात. त्यांच्यापुढील चौकटीतील खूण काढून टाकावी.

आपण उतरविलेली फाइल अस्सल आहे की नाही, हे पारखण्याचे साधनही उपलब्ध आहे. त्यास चेकसम म्हणतात. संपूर्ण फाइलीवर एक विशिष्ट गणित करून ६४ चिन्हांची एक ओळ काढतात. फाइलीत एका बिंदूइतका जरी बदल झाला, तरी ती ओळ पार निराळी येते. संस्थेने प्रसिद्ध केलेली ओळ आणि आपल्या संगणकाने काढलेली ओळ तंतोतंत जुळली, तर मधल्या वाटेत कोणी हात घातला नाही असे समजावे.

या सावधपणाची आवश्यकता सन २०२२ मध्ये भारतात चांगलीच दिसून आली. त्या वर्षी फेब्रुवारीपासून देशातील अनेकांना व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. ते रोखण्यात आले होते. एप्रिल महिन्यात सिमँटेक या सुरक्षाक्षेत्रातील कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात म्हटले होते, की काही हल्लेखोर व्हीएलसीची निर्दोष प्रत घेतात आणि तिच्या शेजारी आपली घातक फाइल ठेवून संगणकात शिरकाव करतात. प्रत खरी, पण सोबती खोटा, असा तो प्रकार होता. ऑक्टोबरात संस्थेने सरकारी खात्यांस कायदेशीर नोटीस पाठवून बंदीच्या आदेशाची प्रत मागितली, आणि नोव्हेंबरात संकेतस्थळ पुन्हा खुले झाले. ज्यांच्या संगणकात प्लेअर आधीच होता, त्यांची गाणी त्या काळातही वाजत राहिली. परंतु मुख्य दार बंद झाले, की माणूस आडवाटा शोधू लागतो, आणि आडवाटेवर मिळालेली वस्तू कोणी हाताळली असेल ते कळत नाही. दार बंद असेल तर थांबावे, जाणत्यास विचारावे. अनोळखी ठिकाणाहून प्रोग्राम उचलू नये.

प्लेअर बसविला म्हणजे काम कायमचे संपले, असे मात्र नाही. जात्याची तळी झिजून गुळगुळीत झाली, की पीठ जाड पडू लागते. मग त्यास टाकी लावून घ्यावी लागते. दाणे तेच, दळणारे हात तेच; पण टाकी लावल्यावर पीठ पुन्हा बारीक येते. प्रोग्रामही असाच वेळोवेळी नवा करावा लागतो. यास अपडेट करणे म्हणतात. नवीन लिपी निघतात, त्या वाचण्याची विद्या नव्या आवृत्तीत येते. जुन्या आवृत्तीत राहून गेलेली छिद्रे, ज्यांतून घातकी प्रोग्राम आत शिरू शकतात, ती नव्या आवृत्तीत बुजविलेली असतात. व्हीएलसीमध्ये नवी आवृत्ती आली आहे काय, हे विचारण्याची सोय मदतीच्या यादीतच आहे. एखाद्या संकेतस्थळावर अवचित पाटी झळकली, की ‘तुमचा प्लेअर जुना झाला, येथे दाबा’, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

प्लेअर नवा केल्याने गाणी बदलत नाहीत वा पुसली जात नाहीत. तरीही मोठा बदल करण्यापूर्वी सर्व गाण्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. येथे पुष्कळांची एक चूक होते. ते गाण्यांची यादी, म्हणजे प्लेलिस्ट, जपून ठेवतात आणि गाणी जपली असे समजतात. यादीत गाणी नसतात. गाणी कोठे ठेवली आहेत त्यांचे केवळ पत्ते असतात. घर पडल्यावर पत्ता घेऊन काय करावयाचे? म्हणून प्रत काढावयाची ती मूळ फाइलींची. तसेच काम चालू असता वीज जाण्याचा संभव असेल, तर ते त्या वेळी हाती घेऊ नये. आणि संगणकच फार जुना असेल, तर नवी आवृत्ती त्यावर चालते की नाही हे आधी पाहावे.

दारव्हा तालुक्यातील आपल्या कल्पित कुटुंबाकडे आता पुन्हा वळू. नातीने वडिलांना विचारून नवा प्लेअर बसविला आणि ती फाइल त्यास दिली, असे समजा. प्रथम जात्याची घरघर ऐकू येईल, मग तिच्यातून आजीचा स्वर वर येईल. फोन साधा होता, म्हणून आवाज काहीसा खरखरीत असेल. पण तो आजीचाच असेल. त्या फाइलीपासून नव्या पद्धतीची दुसरी फाइल करावीशी वाटली, तर अवश्य करावी. मात्र मूळ फाइल टाकू नये. फाइलीला ‘गाणे १’ असे नाव न देता ओवी कोणी गायिली, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, हे मराठीत लिहून ठेवावे. नाव नसलेला आवाज पुढील पिढीस परका होतो.

बाजारात मिळणारे प्रसिद्ध गाणे आपल्याजवळून हरवले, तर ते दुसरीकडे सापडते; त्याच्या हजारो प्रती असतात. आजीच्या ओवीची प्रत जगात एकच असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रणही झाले. हे कार्य थोर आहे. पण प्रत्येक घरापर्यंत कोणता अभ्यासक पोहोचणार? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलली जाते. बंजारा, गोंड आणि कोलाम समाजांच्या स्वतःच्या बोली आहेत आणि त्या बोलींत गाणी आहेत. त्यांतील पुष्कळ गाणी कोणत्याही पुस्तकात वा तबकडीवर नाहीत. ती केवळ माणसांच्या कंठात आहेत. ती एकदा संगणकात आली, तर त्यांची राखण करणे तुमच्या हाती आहे.

यंत्रे येतील आणि जातील. ग्रामोफोन गेला, कॅसेट मागे पडली. आजचा प्लेअरही एके दिवशी जुना होईल. त्याच्या जागी दुसरा आणावा, त्याबद्दल खेद नसावा. मात्र यंत्र बदलताना त्याने सांभाळलेले गाणे हातातून निसटू देऊ नये, ही जबाबदारी कोणतेही यंत्र घेत नाही. ती माणसालाच घ्यावी लागते.

स्वाध्याय

१. तबकडी व ग्रामोफोन यांचा संबंध संगणकातील कोणत्या दोन गोष्टींशी जोडला आहे?
२. मोडी लिपीतील कागदांचा दृष्टान्त पाठात कशासाठी दिला आहे?
३. सन २०२२ मधील घटनेपासून कोणता बोध घ्यावा, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘यादीत गाणी नसतात’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीस विचारून एखादे जुने गाणे त्यांच्या अनुमतीने मुद्रित करा. गाणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक यांची नोंद करून त्याच्या दोन प्रती ठेवा.