झटक्यानंतरची घेरी : ठोक्यांची तपासणी

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस घरी परतला की घरची मंडळी निर्धास्त होतात. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी त्याला घेरी येते, क्षणभर शुद्ध हरपते. वालचंदनगरच्या वसाहतीत काय किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काय, अशा वेळी 'अशक्तपणा आहे' म्हणून लिंबू-सरबत पाजले जाते. दृष्ट लागणे, बाहेरचे होणे या समजुती आपल्या समाजाने १९५६ साली नागपुरात टाकल्या; हा 'अशक्तपणा' मात्र अजून घरात ठाण मांडून आहे!

झटक्यात हृदयाचा काही स्नायू मरतो व तेथे व्रण राहतो. ठोक्याचा विद्युतप्रवाह त्या व्रणाभोवती गोल फिरू लागला की खालचे कप्पे मिनिटाला दीडशे-दोनशेच्या गतीने धावतात. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. ती बिघडून फिब्रिलेशन झाले तर हृदय नुसते थरथरते, नाडी लागत नाही. तेव्हा छाती दाबत राहणे व यंत्राने विजेचा झटका देणे हाच उपाय, आणि हाती मिनिटे मोजकीच.

हा धोका आधी ओळखायचा कसा? साधा कार्डिओग्राम दहाएक सेकंदांचेच ठोके दाखवितो; घेरी त्यानंतर आली तर कागद निर्दोष. म्हणून चोवीस तास अंगावर वागवायचे होल्टर यंत्र लावतात. त्यात मधूनच जादा ठोके दिसले म्हणून घाबरू नये. ते औषधाने दाबले की रुग्ण वाचेल, असे पूर्वी डॉक्टरांनाही वाटे. अमेरिकेतील 'कास्ट' चाचणीत १९८९ साली उलटेच दिसले : ठोके दबले, पण त्यांतील दोन औषधे घेणारेच अधिक दगावले.

आज खरा भर इको तपासणीवर आहे. तीत डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त ढकलतो ते कळते. निरोगी हृदयात हा आकडा पंचावन्नच्या पुढे असतो. झटक्याला चाळीस दिवस उलटल्यावर, अँजिओप्लास्टी वा बायपास झाली असल्यास तीन महिन्यांनी, तो पस्तीस किंवा त्याहून कमी राहिला तर आयसीडी यंत्राबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. ठोके बिघडताच आतूनच झटका देणारे हे यंत्र १९८० साली प्रथम माणसाला बसविले गेले. ते महाग आहे, हे आम्ही जाणतो. पण आकडाच ठाऊक नसेल तर मदत तरी कशासाठी मागणार?

शुद्ध हरपली तर मात्र चाळीस दिवस मोजत बसू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, जुना कार्डिओग्राम व इकोचा कागद सोबत न्यावा. बेशुद्धी किती वेळ होती, आधी धडधड झाली का, तेव्हा माणूस बसलेला होता की उभा, हे पाहणाऱ्यानेच डॉक्टरांना सांगावे. रुग्णाला ते आठवत नसते.